वाटले ते दिवस

धरणगावजवळच्या आमच्या शेतात विहीर एक आणि वाटेकरी दोन: मी आणि माझे थोरले चुलतभाऊ, आबा. वडिलांच्या काळी वाटणी झाली तेव्हा पाळ्या ठरल्या. तीन दिवस त्यांचे, तीन आमचे. आपल्या पाळीत कोणी किती उपसलं, हे दुसऱ्याने विचारायचं नाही. वीज आठ तास यायची, उरलेल्या वेळात विहीर भरायची. पाणी मोजायची गरजच कोणाला वाटली नाही. वाटले ते दिवस.

गेल्या वर्षी एका कंपनीने खोल खडकातल्या तेलाच्या चाचणीसाठी आबांची जमीन भाड्याने घेतली. तेलाला पाणी कशाला, असं मी तिथल्या इंजिनिअरला विचारलं.

"हे तेल आपोआप वाहत नाही, काका. दाबाने पाणी सोडून खडक फोडावा लागतो."

"मग ते पाणी?"

"थोडं वर येतं. खारट. शेतीला चालत नाही."

"लागतं किती?"

त्याने प्लास्टिक अंथरलेल्या तळ्याकडे बोट दाखवलं. माझ्या लिंबाच्या बागेपेक्षा ते मोठं होतं. "हे सुरुवातीला."

आबांनी आपल्या पाळीचं पाणी तळ्याला दिलं. जनरेटर कंपनीचा, त्यामुळे तिन्ही दिवस मोटर अखंड. माझी पाळी लागायची तेव्हा विहिरीत गुडघाभर पाणी.

मी आबांना गाठलं. ते हसले. "तुना दिवसले मी हात बी लावस का, भाऊ? तुना दिवस तुनाच शे."

खरंच होतं. भांडायला मला जागाच नव्हती. कापूस असता तर एक हंगाम सोडला असता. बारा वर्षांची झाडं सोडता येत नाहीत. जमीन विकायला काढली, तर जळगावचा दलाल आधी विहिरीत डोकावला आणि मग फोन उचलेनासा झाला. कंपनीला माझा तुकडा नको होता. त्यांना हवं होतं फक्त पाणी.

"तुनी पाळी बी दी टाक," आबा म्हणाले. "बठ्ठी कटकट मिटी जाई."

"आणि झाडं?"



पुढच्या पाळीला मोटर तासाभरातच हवा ओढू लागली. एवढ्या पाण्यात अख्खी बाग अर्धवट भिजते आणि एकही झाड जगत नाही. मी बांधावर बसून हिशेब केला, दोनदा पडताळला: पाणी निम्म्याच झाडांना पुरत होतं. मग उठून ठिबकचा वरच्या अंगाचा व्हॉल्व्ह बंद केला. वरच्या झाडांना तेव्हा फुलं होती.