बाच्या मानेतली नस

माझा बा माना बसवायचा. तुमसर तालुक्यातलं आमचं गाव, अन् आजूबाजूची पाच-सहा गावं, साऱ्यांच्या अखडलेल्या माना संध्याकाळी आमच्या ओसरीत. धान कापणीच्या दिवसांत तर विचारूच नका. डोक्यावरून भारे वाहून गड्यांच्या माना अशा वाकड्या, की बोलायचे एकाशी अन् पाहायचे दुसऱ्याकडे. बा मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करायचा, मानेवरून अंगठा फिरवायचा, धानाची, बैलांची, कोणाच्या लग्नाची गोष्ट काढायचा, अन् गोष्ट रंगात आली की कट्! माणूस आधी बोंबलायचा, मग हसायचा. "तोंड खोटं बोलते," बा म्हणायचा, "नस खोटं बोलत नाई."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी लग्न होऊन भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या क्वार्टरात राहत होते, नवरा तिथल्या फॅक्टरीत होता. बा अन् माय चार दिवसांसाठी माझ्याकडे आले होते. सकाळी चहा पिता पिता बाच्या हातातून कप सुटला. मायनं कपासाठी तोंड सोडलं, "नवा कप होता पोरीचा! धड धरता नाई येत का?" मग तिचं लक्ष त्याच्या तोंडाकडे गेलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर लुळा पडलेला, अन् बा काहीतरी बोलू पाहत होता पण शब्द होईना. दहा मिनिटं गेली असतील. मग जसं आलं तसं सारं गेलं. बानं हात उघडझाप करून पाहिला अन् म्हणाला, "मान अखडली असन."

माझे आजोबा लकव्यानं नऊ वर्षं खाटेवर होते. त्यांचं हागणं-मुतणं, आंघोळ, सारं बानंच केलं. म्हणून आमच्या घरात लकवा हा शब्द कोणी काढत नसे. त्या दिवशीही नाही काढला.

पण मी काही गप्प बसणारी नाही. ओढतच नेला त्याला भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे. डॉक्टरांनी छाती तपासायची नळी मानेला लावली अन् बराच वेळ कान देऊन ऐकलं. म्हणाले, "मानेतून मेंदूकडे रक्त नेणारी नस असते. तिच्यात आतून चरबीचा थर बसलेला दिसतो. त्याचा तुकडा सुटून वर गेला की लकवा. आताचा हा इशारा समजा." नागपूरला मशीन आलं होतं, त्यात नस आतून दिसायची. फारच बुजलेली निघाली तर मान चिरून साफ करावी लागेल, असंही ते म्हणाले. नंबर मिळाला पंधरा दिवसांनी. तोवर दोघांना मी माझ्याकडेच ठेवून घेतलं.

त्या पंधरा दिवसांत बा एकदाच बोलला. मी भाकरी थापत होते, तो चुलीजवळ येऊन बसला. "पोरी, मी माह्या बाले नऊ वर्ष उचललो. मले कोनी उचलू नये, बस." माझी भाकरी करपली.

माय मात्र कामाला लागली होती. मान दुखणाईत आहे ना, मग मान दाबली पाहिजे! बाचीच शिकवण, बाचंच तेल, वर हळद. रोज दोन्ही वेळा, दोन्ही बाजूंनी. दोनदा मीही दाबली, कबूल करते.

नागपूरला खोलीत अंधार, अन् मशीनच्या पडद्यावर करडं करडं काहीतरी हलत होतं. तरणे डॉक्टर होते. त्यांनी बाच्या मानेवर पांढरट चिकट जेली लावली. बानं बोटावर घेऊन हुंगली.

"हे कोन्तं तेल, डाक्टरसाहेब? याले त वासच नाई. वास नाई त गुन कायचा?"

"काका, बोलू नका."

"बोलत नाई. पन तुमी जरा अंगठ्यानं घ्या ना, बोटानं नस सापडत नाई."

माझी तर लाजेनं मान खाली गेली. डॉक्टर हसले, त्यांनी एक बटण फिरवलं, अन् खोलीभर आवाज घुमला. फुस्स, फुस्स, फुस्स. बानं मशीनकडे डोळे वळवले.

"हे काय होय?"

"तुमचं रक्त. वर चाललंय."

"अरे बाप्पा!" बा म्हणाला, अन् ऐकतच राहिला. चाळीस वर्षं नसा चाचपल्या, पण आवाज पहिल्यांदा ऐकला त्यानं.

जेली पुसताना डॉक्टरांचा कापूस पिवळाधम्मक झाला. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. मायला वाटलं, शाबासकी मिळते आता. "हळद अन् तेल. रोज दाबून देतो मी, दोन टाइम."

"कुठे दाबता? दाखवा बरं."

मायनं नेमका त्या थरावरच अंगठा ठेवला. डॉक्टरांनी तिचा हात झटकन बाजूला केला. "मावशी, इथे परत बोट लावायचं नाही. दाबून तो थर सुटला असता तर थेट मेंदूत गेला असता."

मायचं तोंड पांढरं पडलं. बा उठून बसला, "साहेब, मी त साऱ्या गावाच्या माना दाबून राहिलो!"

"गावाचं नशीब चांगलं," डॉक्टर म्हणाले. "आता बंद करा."

मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं. थर आहे, पण तिसरा हिस्साही बुजलेला नाही, रक्त मोकळं जातंय. चिरफाड नको. बिडी बंद, मीठ कमी, अन् रक्त पातळ ठेवायला रोज एक गोळी. गोळीचं नाव ऐकून मी म्हटलं, ही तर डोकेदुखीची! बा चिडला, "हे त आमच्या किराण्यात भेटते! याच्यासाठी नागपूर?" लकवा कधीच येणार नाही असं लिहून देत नाही, डॉक्टर म्हणाले, पण आज घाबरायचं कारण नाही. मला त्या माणसाच्या पायाच पडावंसं वाटलं.

एसटी स्टँडवर बानं जिलबी घेतली, पावभर. मी अन् तो खात सुटलो. माय नुसती आपल्या अंगठ्यांकडे पाहत बसली होती.

"तुमाले मीच मारलं असतं," ती म्हणाली.

"आन हात," बा म्हणाला. त्यानं आपल्या उजव्या हातात तिचा हात घेतला, अंगठ्याच्या बुडाशी जागा शोधली अन् दाबली. भरल्या स्टँडवर माय किंचाळली, "माय वं!"

"दुखलं?"

"दुखन नाई त काय! एवढ्या जोरानं कायले दाबता?"

"मंग झालं त. हातात जोर हाये."

माय हसायला लागली, हसता हसता डोळे पुसू लागली. त्या दोघांना एकमेकांचा हात धरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण गाडीत बसल्यावरही, साऱ्या लोकांदेखत, मायनं भंडारा येईपर्यंत तो हात सोडला नाही.