जयवंता मावशीच्या गोळ्या

लोधिवलीची जयवंता मावशी माझ्या चौकातल्या लॅबमध्ये आली की मी आधीच चिडलेली असते. रक्त द्यायचं सोडून ती बाकीचं सगळं करते. रांगेतल्या बायांना त्यांच्या माहेरची गावं विचारते, माझ्या टेबलावरचा पसारा आवरते आणि वर मलाच म्हणते, "हर्षला, किती वाळलीस गं! जेवतेस का नाय?" हिच्या तळपायाला भाताच्या खाचरात खुंट घुसलेला, त्यात हिला साखरेचा आजार, आणि काळजी माझ्या जेवणाची!

जखम चिघळली, म्हणून डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या जबरी गोळ्या दिल्या. शिवाय पोट बिघडू नये म्हणून पावडरीच्या पुड्या. "यात दह्यातल्यासारखे चांगले जंतू असतात," असं त्यांनी समजावून सांगितलं. मावशीने काय करावं? पुडी कोमट दुधात टाकून विरजण लावलं! दही लागलं म्हणे झकास. एक वाडगा माझ्यासाठीही आला. मी डोक्याला हात लावला आणि दही खाल्लं.

हसण्यासारखं तेवढंच. महिन्याभराने तिचा मुलगा पोपट तिला घेऊन आला, तेव्हा तिच्या दंडावर जांभळे डाग होते आणि दात घासताना रक्त येत होतं. मशीनने प्लेटलेट दाखवल्या अठ्ठेचाळीस हजार. निदान दीड लाख तरी हव्यात. मशीन चुकतं कधीकधी, म्हणून मी काचेवर थेंब पसरून, रंगवून, मायक्रोस्कोपखाली स्वतः मोजल्या. तेवढ्याच. पांढऱ्या पेशीही घटलेल्या. मोबाइलवर रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, मुंबईला न्या, हाडातला मगज तपासावा लागेल. पोपटचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी मात्र म्हणते, "दही खाते ना मी रोज. भरंल रगत."

"दह्यानं पोट सुधारतं मावशी, रक्त नाही भरत!" मी खेकसलेच. खरं सांगते, भीती वाटली की मी अशीच खेकसते. "औषधं कुठली घेताय सध्या?"

तिने कमरेची पिशवी सोडली. त्याच गोळ्यांची पाकिटं! मी तारखा लावून बघितल्या. चौदा दिवसांच्या गोळ्या ही बाई छत्तीस दिवस घेत होती. संपल्या की रिकामं पाकीट मेडिकलवाल्याला दाखवायची, आणि तो शहाणा देत होता. ही गोळी दोन आठवड्यांच्या पुढे गेली की रक्त तयार होण्यावरच घाला घालते. मी लगेच डॉक्टरांना परत फोन लावला. ते म्हणाले, आज बंद, आत्ता बंद. दोन दिवस बघू, नाही चढल्या तर मुंबई.

"मी नाय बंद करनार," मावशी म्हणाली.

"अगं आये!" पोपट ओरडला.

"तू गप रं! तुझ्या बापानं बंद केलेल्या. चार दिसांत बरं वाटलं न् टाकल्या फेकून. मग पाय काळा पडला, कापला, तरी गेलाच मानूस." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बंद कर म्हनतेस. परत चिघळलं तर तू येनार हाईस काय?"

माझा सगळा राग जागच्या जागी विरघळला. इतके दिवस मी हिला अडाणी म्हणत होते, आणि ही बाई नवऱ्याची चूक परत होऊ नये म्हणून जिवावर उदार झाली होती.

मी तिचा पाय मांडीवर घेतला. पट्टी सोडली. जखम कधीच भरली होती, वर नवी गुलाबी कातडी आली होती. पण स्वतःचा तळपाय कुणाला दिसतो? मी मोबाइलवर फोटो काढून तिच्यासमोर धरला.

"ह्यो माजा पाय?"

"तुमचाच. आता तिथे गोळीला काही काम उरलेलं नाही."

तिने फोटोवरून बोट फिरवलं. डोळे पुसले. मग पाकिटं माझ्या टेबलावर ठेवली.

दोन दिवसांनी एकावन्न हजार. जेमतेम तीन हजारांनी जास्त, पण घसरण थांबली होती. मग त्र्याहत्तर, मग एक लाख वीस हजार. मुंबई टळली. अठराव्या दिवशी एक लाख नव्वद हजार भरल्या, तेव्हा मी खुर्चीतून उठून ओरडले. पोपटने मला मिठी मारायचंच काय ते बाकी ठेवलं.

मावशी रिपोर्टचा कागद हातात घेऊन बसून राहिली. तिला वाचता येत नाही.

"हर्षला, पोपटच्या बापाच्या पायाजवळ असं कोनी बसलं असतं गं, तर?"

मी सुईचं झाकण लावत राहिले.

"पुढच्या सोमवारी या," शेवटी म्हणाले.

"आता कशाला? बरी झाले ना मी?"

"तरी या."