वासराशेजारची रिकामी जागा

रेजिनाबाईंशी माझी ओळख भांडणातून झाली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि माझी जीभ आजच्याइतकीच वाईट होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहराजवळच्या आमच्या गावातल्या लहानशा चर्चमध्ये बाई दर रविवारी मुलांना धर्मशिक्षण देत. आगमनकाळ, म्हणजे नाताळाची वाट पाहण्याचे चार आठवडे, नुकता सुरू झाला होता. देवाचं राज्य येईल तेव्हा हिंस्र श्वापदं आणि गुरंवासरं एकत्र नांदतील, हे संदेष्ट्याचं स्वप्न बाई रंगवून सांगत होत्या. मी उभी राहिले.

"बाई, खोटं आहे हे."

त्याच वर्षी उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला गेलेल्या माझ्या मावशीला वाघाने नेलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, बाईंनाही.

दुसरं कोणी असतं तर श्रद्धेवर प्रवचन झालं असतं. बाई एवढंच म्हणाल्या, "झालं नाई अजून, पोरी. म्हणूनच तं वाट पाहून राह्यलो ना आपण."

त्या वर्षी गव्हाणीच्या, म्हणजे येशूजन्माच्या, देखाव्यासाठी आम्ही मातीची जनावरं केली. बाईंनी स्वतः एक वाघ केला, कोळशाने पट्टे ओढले आणि तो माझ्या हातात दिला. (तो मांजरासारखा दिसतो. हा बाईंचा गौरवग्रंथ असला तरी हे नोंदवणं भाग आहे.) "हा तुयाजवळ ठेव. वाटंन तवा आणजो. नाई वाटलं तं नको आणू. जागा ठेवीन मी." आणि देखाव्यात वासराशेजारी त्यांनी वीतभर जागा मोकळी सोडली.

संत शिकवण्याची बाईंची रीतही न्यारी. इतर लोक संतांचे गुण सांगतात. बाई आधी त्यांच्या चुका सांगत. पीटर ऐन वेळी येशूला ओळखत नाही म्हणाला, येशू मेलेल्यातून उठला यावर थॉमसने शंका घेतली. मग प्रत्येक मुलाला एकेक संत वाटून देत; माझ्या वाट्याला थॉमस आला. मी फणकारले, "मलेच काऊन?" बाई म्हणाल्या, "त्याले देवानं सांभाळून घेतलं. मंग तुले घ्यायले काय जड आहे?"

धानाच्या मळणीत मुलं चर्चकडे फिरकत नसत. तेव्हाचे फादर हजेरीवरून चिडले. बाई खडू-फळा घेऊन सरळ खळ्यावर गेल्या. फादरांना म्हणाल्या, "देव गव्हाणीत आला, खळ्यावर यायले त्याले काय लाज?" आगमनकाळाचे तीन रविवार आम्ही तणसाच्या ढिगावर बसून शिकलो. आमच्या डोक्यांत किती गेलं कोण जाणे, कपड्यांत मात्र भरपूर गेलं.

पुढे मी चंद्रपूरला गेले, लोकांना टोचणारं लिहू लागले. पण नाताळाला गावी यायचं चुकलं नाही. दर वर्षी देखाव्यापाशी बाई विचारत, "आणला का?" मी म्हणे, "नाई." त्या म्हणत, "बरं." चाळीसेक वर्षं एवढाच संवाद. 'काऊन?' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मध्ये एका नव्या फादरांना ती मोकळी जागा खटकली, त्यांनी तिथे मेंढी ठेवली. बाईंनी मेंढी उचलून अदबीने त्यांच्या हातात दिली. "फादर, इथी कोनीतरी येनार आहे."

गेल्या नाताळात मी वाघ नेला. आत ठेवायला हात धजेना. देखाव्याच्या कुंपणाबाहेर, पाठमोरा उभा केला. बाई गुडघ्यावर हात टेकून वाकल्या, चष्मा सावरून बराच वेळ पाहत राहिल्या.

"तोंड तिकडं काऊन याचं?"

"लाजून राह्यला, बाई."

"लाजू दे. आला तं खरा."

संपादकांनी मला बजावलं होतं, या वेळी तरी कुणाला टोचू नका. टोचत नाही, पण बाईंच्या पंच्याहत्तरीला शुभेच्छा देताना माझा स्वार्थ लपवतही नाही. कुंपणापासून वासरापर्यंत हातभर अंतर आहे. माझी चाल वर्षाला बोटभर. तेव्हा बाई, तुमचे गुडघे ठणठणीत राहोत, नजर अशीच शाबूत राहो आणि तुम्हाला भरपूर, अगदी भरपूर आयुष्य मिळो. वाघ निघाला आहे. त्याची जागा तुम्हीच राखायची आहे.