ताईचा राखीव वाटा

गल्लीत त्याला सगळे ‘टॉवरवाला’ म्हणत. टॉवरवर तो आयुष्यात एकदाच चढला होता, तोही अर्ध्यातून डोळे मिटून उतरला. त्याचं काम खाली, कंपनीच्या गारेगार खोलीत. टॉवरवर एक पेटी असते, तिच्यातून दोन लहरी निघतात. एक जुनी, बटणांच्या फोनची, नुसत्या बोलण्यापुरती. दुसरी नवी, सिनेमे आणि मॅच ओढणारी. ताकद दोघींची सामाईक. एक रिकामी बसली की तिचा वाटा दुसरीला द्यायचा. फक्त जुनीसाठी थोडा वाटा कायम राखून ठेवायचा, ती वापरो न वापरो, असा दंडक होता. हे वाटप त्याच्या हातात.

त्याला वाढवलं थोरल्या बहिणीने. आई गेली तेव्हा हा रांगत होता. ताईने लग्नाचं नाव काढलं नाही, लोकांचे कपडे शिवून याला शिकवलं. भावजय घरात आल्यावर ती आपणहून टेकडीच्या उतारावर एका खोलीत राहायला गेली. आपणहून म्हणजे, “ताई, तुला इथे गोंगाट होतो ना?” असं त्याने पुन्हापुन्हा विचारल्यावर.

तिला ऐकू कमी यायचं. रोज संध्याकाळी ती आपल्या जुन्या फोनवर त्याच्या नावाचं बटण दाबायची आणि पलीकडे कुणी उचललं का याची वाट न बघता बोलत सुटायची. “जेवलास का? गळ्याला गुंडाळून जा काहीतरी. बायको चिडली असेल, ठेवते.” की फोन बंद.

“झालं का प्रवचन?” बायको विचारायची.

एक दिवस साहेब म्हणाले, “मॅचच्या वेळी लोकांचं चित्र अडकतं, आणि तू जुन्या लहरीचा वाटा उशाशी घेऊन बसलायस. कुणासाठी?”

“नियम आहे, साहेब.”

“बढती अडलीय तुझी. तीही नियमानेच का?”

त्याने राखीव वाटा काढून टाकला. आयजीच्या जिवावर बायजी उदार! ताकद घटली की जुनी लहर आखडते, काठावरची घरं तिच्याबाहेर पडतात, आणि ताई काठावरच राहते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो स्वतः तिच्या खोलीवर तपासायला गेला. गेला मात्र भर दुपारी, जेव्हा शहरात कुणी काही बघत नव्हतं.

“बघ ताई, फोनवर सिग्नलच्या सगळ्या काड्या भरल्यात.”

“तूच केलंस ना रे हे? माझं गुणाचं पोर!”

पेटीचा कस संध्याकाळी लागतो, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. संध्याकाळी सगळं शहर नव्या लहरीवर तुटून पडे आणि जुनी अंग चोरून घेई.

ताईचे फोन थांबले.

“रुसल्या वाटतं,” बायको म्हणाली.

“रुसू दे. कान तरी सुटले.”

असं म्हणाला खरा, पण काय झालंय ते त्याला उमगलं होतं. बढती एकदा हातात पडू दे, मग ठेवू परत वाटा, असं त्याने मनाला सांगितलं आणि फोन उपडा घालून ठेवला.

शेवटच्या मॅचला चित्र कुठेच अडकलं नाही. साहेबांनी शाबासकी दिली. त्याच वेळी ताई खोलीत पाय घसरून पडली, खुबा मोडला. फोन हाताशी होता. तिने बटण दाबलं. “बाळा, पडले रे. ये लवकर.” पुन्हा दाबलं, पुन्हा बोलली, ग्लानी येईपर्यंत. तिला पलीकडचं कधी ऐकू येतच नव्हतं, मग शंका कशाची येणार? ते सगळं फक्त देवाने ऐकलं. सकाळी दूधवाल्याने दार ढकललं तेव्हाही फोन तिच्या तोंडाशी होता.

दवाखान्यात ती म्हणाली, “मॅच होती ना? म्हणून आला नाहीस.”

“ताई, फोनच...” तो म्हणाला आणि थांबला. वाजला नाही म्हटलं तर का वाजला नाही, ते सांगावं लागणार.

“हो, वाजत होता,” तो म्हणाला. “मॅचच्या नादात उचलला नाही.”

ताई कण्हत हसली. “लहानपणापासून असाच. खेळ दिसला की बहिरा! माझ्यावर गेलास. मला वाटलं फोनच बिघडला. नाही ना? मग झालं.”

बढती मिळाली. वाटा मात्र परत ठेवला नाही. आता ठेवला तर कुणीतरी विचारणार, आजच का बरं? दवाखान्यातून त्याच्या घरी आणलेली ताई काठी घेऊन चालायला लागली तसं मुलांच्या अभ्यासाचं निघालं, आणि तो तिला उतारावरच्या खोलीत सोडून आला. फोन दोरीत ओवून त्याने स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातला.

“आता पडलीस तरी हाताशी राहील.”

“किती रे करतोस माझं!”

संध्याकाळी ताईने बटण दाबलं. “पोचलास का घरी? मी बरी आहे. पुढच्या खेपेला मॅच असली तरी उचल हं, बाळा.”

त्याच्या घरी फोन टेबलावर गप्प पडला होता. बायकोने मॅच लावली.

“अगंबाई, किती स्वच्छ दिसतंय!” ती म्हणाली.