दोरी ओढणारा हात

१२ नोव्हेंबर. मेथीच्या जुड्या बांधल्या आणि धाकट्या जावेला घेऊन धाड गावच्या बाजाराची एसटी पकडली. दारात आमचा कंडक्टर! तिकिटाबरोबर प्रत्येकाला टोमणा देणारा हा माणूस तीन महिन्यांनी दिसला. त्याचा तोंडातला कॅन्सर मानेच्या गाठींत पसरला होता, म्हणून मानेचं ऑपरेशन झालं होतं. जावेलाही तोच आजार, तेच ऑपरेशन सांगितलं होतं. नंतर हात वर होत नाही, या भीतीने ती अडून बसली होती.

"काऊन बाई, भूत पाह्यलं का?" तो म्हणाला.

"हात उठते का?" मी सरळ विचारलं.

"डॉक्टरनं बिघडल्या तेवढ्याच गाठी काढल्या, खांद्याची नस वाचवली. मंग रेडिएशनचा शेक देल्ला. घसा सुकते, भाकर पाण्यासंगं गिळतो. पण हात पाहा!" त्याने डोक्यावरची घंटीची दोरी ताडकन ओढली. ड्रायव्हरने गाडी सोडलीच.

"थांब बे, लोकं चढून राह्यले!" दारातून ओरडा झाला.

जाऊ एवढंच बोलली, "मले वेणी घालता येईन का?"

"मले काय माहीत? मी टकला माणूस! तुमच्या डॉक्टरलेच इचारा."

ती खळखळून हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. तिने डॉक्टरला सगळं विचारून घेतलं, ऑपरेशनच्या कागदावर सही केली, आणि मी भरतीच्या रांगेत उभी राहिले.