अण्णांचे कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ठाऊक आहे. पण त्यांनाही मी सांगितलं नाही. त्यांनी ते ऐकलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी ताठ मानेनं सांगतो, आजही. शिकलो इलेक्ट्रॉनिक संगीतरचना, पार पीएच.डी.पर्यंत. श्रीरामपूरजवळच्या आमच्या वस्तीवर याचा अर्थ डीजे. "मंग डॉक्टरसाहेब, लग्नाची सुपारी घेता का?" म्हणून चुलते चिडवायचे. चिडवू देत. माझं काम मला कळत होतं. लाकडी बाकाखाली स्पीकर बसवायचे आणि खोल, जाड आवाज बसणाऱ्याच्या अंगात उतरवायचे — कानांनी नाही, हाडांनी ऐकायचं संगीत. हा माझा विषय.

पुण्यात प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं, हाच विषय का? खरं उत्तर एवढंच होतं की मला तो कंप आवडतो. पण बाहेर बसलेल्या मुलांमध्ये कुणाच्या घरी पियानो, कुणी परदेशात शिकून आलेलं. माझ्याजवळ काय होतं? मी म्हणालो, वडील साखर कारखान्यात ऊस गाळणाऱ्या मिलवर होते, तिथल्या आवाजानं त्यांचे कान गेले. त्यांना काहीतरी ऐकवता यावं, म्हणून.

मिलवर होते, हे खरं. कान मात्र शाबूत. फाट्यावर एसटी वळली की घरात बसल्या बसल्या म्हणायचे, आली.

मला प्रवेश मिळाला. पुढं ते शब्द मागं घेता येईनात — की घ्यावेसेच वाटले नाहीत? अण्णांचा फोन रोज यायचा. बहिऱ्या माणसाचा फोन कसा येईल? मी त्यांचा नंबर मोबाईलमध्ये 'दूध डेअरी' नावानं ठेवला आणि होस्टेलच्या मागं जाऊन बोलायला लागलो.

शेवटचं सादरीकरण माझ्या मार्गदर्शक मॅडमनी हौसेनं नगरला ठेवलं. वडिलांसाठी केलेलं काम वडिलांच्याच जिल्ह्यात व्हावं, असं त्यांचं म्हणणं. मी घरी कळवलं नाही. मॅडमनी परस्पर पत्रिका पाठवली. अण्णा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून सकाळच्या एसटीनं हजर. फोटो पाहिलेला असल्यानं मॅडमनी त्यांना दारातच ओळखलं आणि शेजारच्या परीक्षकांना म्हणाल्या, "हेच त्याचे वडील. यांना अजिबात ऐकू येत नाही. यांच्यासाठीच केलंय त्यानं हे सगळं."

नमस्कार म्हणायला अण्णांचं तोंड उघडलेलं होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी वायरींकडं बघितलं. त्यांनी तोंड मिटलं, नुसते हात जोडले.

इथवर असतं तर नुसता भित्रेपणा म्हणून चाललं असतं. पण रचना संपल्यावर परीक्षक मला म्हणाले, विचारा ना वडिलांना, कसं वाटलं. आणि मी — स्वतःच्या बापासमोर उभं राहून हातवारे केले. बाकाकडं बोट. त्यांच्या छातीकडं बोट. मग पंजा उलटा करून प्रश्न. असल्या खुणा आमच्यात कधी नव्हत्या. मी त्या तिथल्या तिथं बनवल्या. अण्णा माझ्या हातांकडं बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचा हात उचलून छातीवर ठेवला आणि मान डोलावली. एकदोघांनी डोळे पुसले. पदवी मला मिळाली.

परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले. राहुरी मागं पडल्यावर म्हणाले, "शेवटाला लई बारीक वाजत हुतं, त्या तुझ्या आईच्या बांगड्या न्हवं? भाकरी थापतानाच्या?"

त्याच होत्या. त्या सगळ्या घरघराटाच्या तळाशी मी त्या इतक्या हळू ठेवल्या होत्या की परीक्षकांपैकी कुणी त्यांचं नावही काढलं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो. बोलायला तेव्हा जागा होती. रस्ताही पुष्कळ उरला होता. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

मागच्या वर्षी शिर्डीला जाताना मॅडम आमच्या घरी आल्या. अण्णांना मी आधी काहीच सांगून ठेवलं नव्हतं. गरज पडली नाही. ते ओट्यावर बसून राहिले. मॅडम मोठ्या मायेनं हातवारे करत होत्या, ते मान डोलावत होते. चहा देताना आईसुद्धा अण्णांशी अवाक्षर बोलली नाही. तिला त्यांनीच बजावलं असणार. मी मॅडमना माझ्या नव्या कामाबद्दल सांगत होतो. चांगलं बोललो मी त्या दिवशी.

गाडी रस्त्याला लागली. धुरळा खाली बसेपर्यंत अण्णा थांबले, मग हळूच म्हणाले, "गेल्या का बाई? बोलू का आता?"

घर त्यांचं. ओटा त्यांचा.

मी नुसती मान डोलावली.