बाळंतिणीचा एकच पाय सुजला होता

बायांनो, आज सकाळचीच गोष्ट. दर्यापुरात आमच्या शेजारची बाळंतीण सोनू लेकराशी बोलता बोलता अडखळली. तोंड वाकडं झालं, एक हात लटकला.

तिची सासू बेबी म्हणे, "नजर लागली वं! मीठ-मिरच्या आणा."

म्या म्हटलं, "मिरच्या मागून जाळजो. आधी गाडी बोलाव."

तशीच अकोल्याले नेली. डॉक्टरनं मेंदूचा फोटो काढला, मंग तिचा पाय पाहिला. एकच पाय सुजून तट्ट. बेबी त्याले वात समजून रोज गरम तेलानं रगडून राहिली होती. पण शिरेत रक्ताची गाठ होती. अशी गाठ सुटली तर बहुतेक फुप्फुसात जाते म्हणे. पण तपासणीत सोनूच्या हृदयात जन्मापासूनचं बारीक छिद्र निघालं, तिथून ती मेंदूत गेली. म्हणून लकवा.

बेबी बाकावर बसून इचारते, "काकू, माह्या चोळण्यानंच झालं का वं?"

"झालंही असंल. पण तू मायेनंच चोळलं. आता रडू नको, तिचं लेकरू भुकेलं हाय, ते धर."

लवकर आणली म्हणून डॉक्टरले आशा हाय. सोनूनं आता बोटं हलवली.

तुमच्या घरी कोणाचा एकच पाय सुजला असंल, तर तेल तापवून राहिल्या का दवाखान्यात निघाल्या?